‘अंजना’चं नमुनापुस्तक

ताई, तुझ्या कार्यक्रमाची पत्रिका मीच केली. प्रज्ञा फोनवर मजकूर सांगत होती, मी टाइप करत होतो. तुझ्या नावाआधी सवयीनं ‘कै.’ लिहिलं आणि प्रूफ तिच्या मोबाइलवर पाठवून दिलं. दोन मिनिटांत तिचा पुन्हा फोन.

“मामा, आमच्यात कैलासवासी नाही लिहीत. कालकथित लिहितात.”

तुझ्या लेकीच्या आवाजात राग नव्हता. उलट मलाच अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, “असू द्या, खूप जणांचं होतं असं.” मी दुरुस्ती केली आणि प्रूफ परत पाठवलं. तेरा वर्षं आपण दोघांनी अक्षरांचंच काम केलं. तुमच्याकडे माणूस गेल्यावर त्याच्या नावाआधी कोणता शब्द लिहितात, एवढं मला माहीत नव्हतं.

रडू येत नाही, ताई. थकल्यासारखं झालंय. सकाळी स्टुडिओ उघडतो, पंखा लावतो, कॉम्प्युटर सुरू करतो, आणि पहिलं काम करायच्या आधीच दिवस संपल्यासारखा वाटतो. उन्हाळा तर आहेच. नळाला यंदाही आठव्या-नवव्या दिवशी पाणी. समोरच्या मोकळ्या जागेत सात मजली इमारत उभी राहतेय, तिचा टँकर रोज येतो. त्याच्यावर चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या अक्षरांकडे मी बघत नाही.

तुझी अक्षरं मी पहिल्यांदा पाहिली ती टँकरवरच. दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं ते. बिडकीनच्या बाजूला नव्या कारखान्यांसाठी जमिनी मोजायला सुरुवात झाली होती आणि तिकडच्या एका गिऱ्हाइकाचं माहितीपत्रक करायला मी स्कूटरवरून जात होतो. रस्त्यावर टँकरमागून टँकर. धूळ इतकी की पुढचं वाहन फक्त आकारानं ओळखायचं. त्या धुळीतून एका टँकरच्या पाठीवरचे दोन शब्द मला लांबून वाचता आले: ‘पिण्याचे पाणी’. बाकीच्या टँकरांवरही हेच लिहिलेलं होतं, पण ते जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. मी नुकताच पुण्यात अक्षरांचं शिक्षण घेऊन आलो होतो. मोठमोठ्या नावाजलेल्या टंकांची, म्हणजे फॉन्टची, पुस्तकं पाहिली होती. पण असा ‘ण’ पाहिला नव्हता. गिऱ्हाइकाकडे जायचं सोडून मी त्या टँकरमागं पाणी भरायच्या जागेपर्यंत गेलो आणि ड्रायव्हरला विचारलं, हे कुणी लिहिलंय?

“सुजाताताईनं. छावणीत ऱ्हाती. किसन पेंटरची पोरगी.”

दुसऱ्या दिवशी शहरातल्या छावणी भागात आलो तेव्हा तू शिडीवर होतीस. साडीचा पदर कमरेला खोचलेला, डाव्या हातात रंगाचा डबा. एका टँकरवर नवीन नंबर टाकणं चाललं होतं. मी खाली उभा राहून बघत राहिलो.

“काय बघायलास? टँकर पायजे का?”

“नाही. अक्षरं बघतोय.”

“बघ की मग. बघायला कोण नाय म्हणतंय?”

मी विचारलं, तुमच्या ‘म’ला आणि ‘ण’ला एवढं मोठं पोट का? तू ब्रश डब्यात ठेवलास आणि शिडीवरच बसलीस. म्हणालीस, “आरं, टँकर धुळीत उभा असतो. दोन दिवसांत त्याच्यावर थर बसतो. पोट बारीक काढलं की ते भरून जातं, अक्षर बुजतं. एका टँकरमधी पिण्याचं पाणी असतं, दुसऱ्यात बांधकामाचं. मागल्या साली एका वस्तीवर बायांनी बांधकामाच्या टँकरचं भरलं. लेकरं लई आजारी पडली. लिहिलेलं होतं त्याच्यावर, पण वाचायला येत नव्हतं. मग ते लिहून काय उपेग?”

तुझी अक्षररचनेची सगळी शिकवण त्या चार-पाच वाक्यांत होती. मला ते कळायला पुढची काही वर्षं लागली.

मी तुला टंकाची कल्पना सांगितली. तुझी अक्षरं कॉम्प्युटरमध्ये घालायची, म्हणजे कुणालाही त्या वळणात लिहिता येईल. तू आधी हसलीस. “म्हंजे मी मेल्यावर बी माझा हात चालंल म्हण की.” मग गंभीर झालीस आणि विचारलंस, “समदी अक्षरं काढावी लागतील?” सगळी, म्हणालो. जोडाक्षरंसुद्धा. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर तू चार वर्षं काढत राहिलीस. एका पानावर एक अक्षर, तळहाताएवढं. शनिवारी दुपारी तू स्टुडिओत यायचीस, पानं पसरायचीस, डबा उघडायचीस. तुझी बाजरीची भाकरी आणि ठेचा अर्धा माझ्या पुढ्यात सरकवायचीस आणि म्हणायचीस, “खा, त्याच्याबिगर तुला माझा ‘ळ’ कळायचा नाय.” टंकाला नाव काय द्यायचं यावर तू एक क्षणही घेतला नाहीस. तुझ्या माहेरची, पिशोरची नदी, अंजना. त्या वर्षी तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती.

आणि मग नमुनापुस्तक आलं. तिथून आपलं भांडण सुरू झालं.

टंक तयार झाला की त्याचं असं पुस्तक काढतात. त्यात प्रत्येक अक्षर दाखवायचं, मोठ्या आकारात ते कसं दिसतं, लहान आकारात कसं, ओळीत कसं, परिच्छेदात कसं. हे काम माझं होतं, आणि मला ते येतं याचा मला अभिमान होता. मी पानावर ग्रिड आखली. आठ उभे रकाने, बारा आडव्या पट्ट्या, मध्ये सारख्या रुंदीच्या गल्ल्या. छापताना या रेषा दिसत नाहीत, पण पानावरची प्रत्येक गोष्ट त्यांना धरून बसते. मग डोळ्याला शिस्त दिसते. वाचणारा एका पानावरचा ‘क’ आणि दुसऱ्या पानावरचा ‘क’ एकाच जागी शोधू शकतो. रेषांसकट पानं काढून मी भिंतीवर लावली होती. तू चष्मा लावून एकेक बघत गेलीस.

“ह्या खालच्या रेघा कशाच्या?”

“त्यांच्यावर ओळी बसतात.”

“आपलं अक्षर बसतं कुठं, श्रीकांत? ते लटकतं. दोरीवर कापडं वाळत घातल्यावानी. माझा बाप पाटी लिवायच्या आधी खडूनं वरची रेघ मारायचा. खाली रेघ मारलेली मी तरी नाय बघितली.”

मी समजावलं, की शेजारी इंग्रजी मजकूर आहे, तो खालच्या रेषेवर बसतो, दोन्हींना एक आधार पाहिजे. तू म्हणालीस, “इंग्रजी पाव्हणा हाय तुझ्याकडं. पाव्हण्यासाठी चटई टाक. घरातल्यांची खाट कशाला हलवायलास?”

मी म्हणालो, जगात सगळीकडे असंच करतात. तू ‘कृ’वर बोट ठेवलंस. त्याचा पाय माझ्या रेषेच्या खाली लोंबत होता. “ह्याला बसव बरं.” मी म्हणालो, तेवढं चालतं. “मग रेघ कशाला?”

वरच्या बाजूचं भांडण याहून मोठं होतं. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर मात्रा असतात, वेलांट्या असतात, रफार असतो, कधी दोन्ही एकदम. मी पट्ट्यांची उंची इंग्रजीच्या हिशेबानं धरली होती. जिथं ‘र्डी’ किंवा ‘र्कीं’सारखं काही आलं तिथं ते वरच्या पट्टीत घुसत होतं. तू म्हणालीस, “छत घातलंस, पण पंख्याला जागा कुठं ठेवलीस?” मी हसलो. पट्टी वाढवली असती तर एका पट्टीनं पान कमी पडलं असतं, आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागली असती. मी थकलो होतो. मला माझी बारा पट्ट्यांची जाळी आवडायला लागली होती, हेही खरं.

पण त्या ग्रिडनं तुलाही काही दिलं, ताई, हे आज म्हटलं तर चालेल ना? सगळी अक्षरं सारख्या चौकटींत शेजारी-शेजारी लावली तेव्हा तूच म्हणालीस, “आरं देवा, माझा ‘भ’ वाकडाय की.” वीस वर्षं तू तो ‘भ’ टँकरांवर, दुकानांवर, चौदा एप्रिलच्या कमानींवर काढत होतीस, पण तो ‘म’च्या शेजारी उभा करून कधी बघितला नव्हतास. पुढच्या तीन शनिवारी तू तीन ‘भ’ आणलेस. तिसरा ठेवला. “तुझ्या रेघांचं एवढं बरं हाय,” म्हणालीस, “लपायला जागा ठेवत नाहीत.” असली शाबासकी मला आजवर दुसऱ्या कुणी दिली नाही.

आणि ते धबधब्याचं पान. एकच वाक्य मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या आकारात लावतात, त्याला आमच्या धंद्यात धबधबा म्हणतात. तुला सांगितलं तेव्हा तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. “शहरात आठ दिवसांनी नळ, आणि तुझ्या पुस्तकात धबधबा!” मी तिथं कुठल्यातरी डोंगर-दऱ्यांचं वर्णन घातलं होतं. तू ते काढायला लावलंस. “हे कोण वाचणार? ‘हे पाणी पिण्यासाठी आहे’ असं लिव. मोठ्यात बी आणि बारक्यात बी तेच वाचता आलं पायजे.” ते तसंच छापलं. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान तेच आहे.

चौदावं पान मात्र माझ्यामुळं बिघडलं. तुला तिथं टँकरच्या फेऱ्यांमधल्या गावांची आणि वस्त्यांची नावं हवी होती, ज्या क्रमानं टँकर जातो त्याच क्रमानं, एका ओळीत एक नाव. मी नावं घेतली, पण चार रकान्यांत बसवली. जी लांब होती ती मध्ये तोडून खालच्या ओळीत नेली. तू म्हणालीस, “गावाचं नाव मधून तोडू नको, बाबा. बरं दिसत नाय.” मी म्हणालो, हे नमुनापुस्तक आहे ताई, पत्ता नाही. छावणीतल्या छापखान्यात रशीदचाचांनी प्लेट बघूनच सांगितलं होतं, “सर, ये ऊपर की मात्रा कटेंगी देखो. बाई सही बोल रई.” मी म्हणालो, चाचा, तुम्ही छापा. वरच्या पट्टीत ‘खिर्डी’ होतं. चौकटीच्या काठावर त्याचा रफार कापला गेला आणि ‘खिडी’ छापलं गेलं. पाचशे प्रती. तू पान उलटलंस, बघितलंस. मग बोट त्या जागी ठेवून एवढंच म्हणालीस, “तिथं माझी मावशी ऱ्हाती.”

शेवटच्या पानावर श्रेयनामावली होती. वर माझं नाव: संकल्पना, मांडणी, टंकविकास. त्याच्याखाली सात पॉइंटमध्ये, ‘मूळ अक्षरवळण: सुजाता किसन’. माझ्या ग्रिडमध्ये तळटिपांचा तोच आकार होता. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुलाही वाटलं नसावं, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

पुस्तक घेऊन मी नव्या वसाहतीच्या पाट्यांचं काम घेतलेल्या ठेकेदाराकडं गेलो. त्यानं पानं चाळली, मांडणी छान आहे म्हणाला, आणि पाट्या कॉम्प्युटरात आधीपासून होता त्या फॉन्टमध्ये केल्या. आजही त्या रस्त्यानं गेलं की त्या पाट्या दिसतात. धूळ बसली की वाचता येत नाहीत.

मग बक्षीस आलं. मांडणीसाठी. पुण्याला रविवारी कार्यक्रम होता. मी तुला चल म्हणालो, मनापासून म्हणालो. तू बोटांवर मोजलंस. “ह्या रविवारीच पाणी हाय. नवव्या दिवशी येणार हाय, मी गेले तर टाकी कोण भरणार? तू जा. नीट बोल तिथं.” मी गेलो. मंचावर दहा मिनिटं बोललो. पट्ट्या, रकाने, गल्ल्या, देवनागरीला लावलेली शिस्त. टाळ्या पडल्या. तुझ्याबद्दल माझ्या तोंडून एक वाक्य गेलं: “एका स्थानिक कारागिराच्या अक्षरांवरून हा टंक बेतलेला आहे.” पुढच्या वाक्यात मी पुन्हा रकान्यांकडे वळलो.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला, आणि तो फिरत फिरत प्रज्ञाच्या मोबाइलवर गेला. शनिवारी तू आलीस, नेहमीसारखी पिशवी कोपऱ्यात ठेवलीस.

“व्हिडिओ बघितला. चांगला बोललास.”

मी वाट बघत राहिलो.

“रेघांबद्दल लई चांगलं बोललास,” तू म्हणालीस, आणि पाणी मागितलंस.

त्यानंतर तुझे शनिवार कमी होत गेले. टंकाचं जाड वजन, म्हणजे मथळ्यांसाठीची ठळक अक्षरं, काढायचं राहिलं होतं. तू हो म्हणाली होतीस. मी विचारलं की म्हणायचीस, हात दुखतो. हात खरंच दुखत होता, साखर वाढली होती, बोटांना मुंग्या यायच्या. पण शहराचं नाव बदललं तेव्हा त्याच हातानं तू दुकानांच्या पाट्या रंगवत होतीस. एकदा रस्त्यात भेटलीस. शिडीवरूनच हाक मारलीस, “श्रीकांत, नवं नाव लई लांब हाय रे! तुझ्या चार रकान्यांत मावायचं नाय.” आपण दोघं हसलो. मी स्कूटर सुरू केली. तेव्हा थांबलो असतो तर? थांबलो नाही. गिऱ्हाईक वाट बघत होतं. शहर वाढत होतं, माझं काम वाढत होतं, आणि प्रत्येक वेळी काहीतरी कुणाला तरी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

तू जायच्या पंधरा दिवस आधी मी छावणीत घरी आलो, माफीचं एकच वाक्य बोलायला. दुपार होती. तू खाटेवर पडून होतीस, पाय सुजलेले. पत्र्यावर ओलं पोतं टाकलेलं होतं, तरी खोली तापली होती. मी बसलो. तू पाण्याची चौकशी केलीस, नळ कधी आला होता, टाकी किती भरली. टँकरवर आता प्लॅस्टिकची अक्षरं चिकटवतात म्हणालीस, उन्हानं त्यांचे कोपरे सुटतात. मग विचारलंस, “पुस्तक पुन्हा छापणार हाईस का?”

“छापायचंय.”

“मग रेघ वर घे.”

“घेतो.”

“आणि मावशीचं गाव नीट कर.”

“करतो, ताई.” माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं. ताई, पुण्याला त्या दिवशी मी... एवढं मनात जुळवलं होतं. तेवढ्यात प्रज्ञा चहा घेऊन आली. मी चहा प्यायलो. कप खाली ठेवला तेव्हा तुझा डोळा लागला होता. उठवायला नको म्हणून निघालो. तुझी झोप मोडू नये म्हणूनच निघालो, असं रस्ताभर स्वतःला बजावत होतो.

तू गेलीस त्यानंतर चौथ्या दिवशी मी प्रज्ञाला विचारलं, आईनं जाड वजनाची काही अक्षरं काढून ठेवली होती का? कुठं कॅलेंडरांच्या गठ्ठ्यात, ट्रंकेत? तिनं सगळं शोधलं. “नाही मामा. त्यानंतर आईनं तसलं काही काढलंच नाही.” ‘त्यानंतर’ म्हणजे कशानंतर, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

कार्यक्रम पिशोरला झाला, तुझ्या भावाच्या, उत्तमरावांच्या घरासमोर मांडव घालून. शहरात तेवढ्या माणसांना पुरेल इतकं पाणी नव्हतं, आणि उत्तमरावांची बोअर अजून चालू होती. सकाळी दहालाच ऊन चटके देत होतं. भन्तेजी आले. त्रिसरण-पंचशील झालं, जलदान विधी झाला. मेणबत्त्या उन्हानं पेटायच्या आधीच वाकल्या होत्या. मी मागं, मांडवाच्या खांबाजवळ बसलो होतो. बऱ्याच जणांच्या हातात पत्रिका होती आणि ती ते वाऱ्यासाठी हलवत होते. पत्रिका मी ‘अंजना’तच केली होती; त्यांच्या हातांत तुझी अक्षरं हलत होती, आणि ती कुणाची आहेत हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

दोघं-तिघं तुझ्याबद्दल बोलले. एक टँकरचा ड्रायव्हर बोलला, एक शाळेतल्या बाई बोलल्या. मग सूत्रसंचालन करणाऱ्यानं माझं नाव पुकारलं, मोठे डिझायनर, बक्षीस मिळवलेले वगैरे. मी उठलो. काय बोलायचं ते घरून लिहून आणलं होतं, पण कागद खिशातच राहिला. मी पुण्याचं सांगितलं. त्या मंचावर दहा मिनिटं स्वतःच्या कामाबद्दल बोललो, आणि जिच्या अक्षरांमुळं मला तिथं बोलावलं होतं तिला एक स्थानिक कारागीर म्हणालो, हे सांगितलं. म्हणालो, ती कारागीर नव्हती, ती कलावंत होती, मी चुकलो, आणि हे तिला सांगायचं राहून गेलं. मला वाटलं, आता बसावं.

पुढच्या रांगेतून तुझा भाऊ उठला. उत्तमराव तुझ्यासारखेच, उंच, आणि बोलण्याआधी जरा थांबणारे. माइक त्यांनी घेतला नाही.

“सर, कारागीर म्हणलात त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमचा बाप कारागीरच व्हता. आमच्या बहिणीला त्याची लाज नव्हती. पण नाव नाय घेतलं तुम्ही. तिनं तो व्हिडिओ इथं या ओसरीवर बसून बघितला. दोनदा बघितला. पहिल्यांदा तिला वाटलं, नाव घेतलं असंल, आपल्याला ऐकू आलं नसंल. म्हणून परत लावला.”

ताई, एवढी वर्षं मी चुकीच्या शब्दाची माफी मनात घोळवत होतो. तू दुसऱ्यांदा बघताना कान कसा पुढं केला असशील, ते त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आलं.

उत्तमराव म्हणाले, “आता घ्या की.”

मी नाव घेतलं. सुजाता किसन, राहणार छावणी, माहेर पिशोर. हातातली पत्रिका वर धरली आणि सांगितलं, ही अक्षरं तिची आहेत, एकूण एक, मी फक्त त्यांना पानावर जागा दिली, आणि तीही सगळीकडे नीट दिली नाही. लोकांनी आपापल्या हातातल्या पत्रिकेकडे पाहिलं. वारा घेणं थांबलं. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं शेजारणीला मोठ्यानं विचारलं, “हे समदं सुजीनं लिवलंय व्हय?” आणि शेजारीण म्हणाली, “व्हय, तिनंच.”

हे ऐकायला तू नव्हतीस. त्यावर आता माझ्याकडं काही उपाय नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर पडत होतो. एस.टी. एकला होती. उत्तमरावांनी दंडाला धरलं. “जेवल्याबिगर कुठं चाललात?” मी घड्याळ बघितलं. तेव्हाच लक्षात आलं, की तेरा वर्षांत मी तुझी अर्धी भाकरी माझ्या स्टुडिओत कितीतरी वेळा खाल्ली, पण तुमच्या घरी चहाच्या पुढं कधी गेलो नाही. दर वेळी कारण असायचं. घाई असायची, गिऱ्हाईक असायचं, उशीर झालेला असायचा. सगळी कारणं खरी होती. माझे आजोबा पिशोरहून जवळच्याच एका गावात भिक्षुकी करायचे. त्यांना तुमच्या आळीत पाय न ठेवायला कारण लागत नव्हतं, ते ठेवतच नव्हते. मी स्वतःला त्यांच्यापेक्षा खूप वेगळा समजत होतो. तुला हे सगळं दिसत होतं का? तू कधी जेव म्हणून आग्रह केला नाहीस. का केला नाहीस, हे तुला कधीतरी विचारायला हवं होतं.

एस.टी. जाऊ दिली. पंगतीत बसलो. वरण, बट्ट्या, वांग्याची भाजी, बुंदी. एका बाजूला तो टँकरवाला, दुसऱ्या बाजूला तुझी खिर्डीची मावशी, तिच्या गावाचं नाव मी बिघडवलंय हे तिला माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “असू दे रे. जेव.”

प्रज्ञा वाढत वाढत आली, माझ्या पुढ्यात थांबली. “मामा, काही कमी आहे का?”

एरवी म्हणालो असतो, नाही, सगळं छान आहे. पाहुणा तसंच म्हणतो.

“भाजीत मीठ कमी आहे गं,” मी म्हणालो. “जरा मीठ आण.”